‘सर्व्हायव्हल पॅकेज’ घेताय? आधी काडतुसाचं बूड बघा

ओरेगन-वॉशिंग्टनकडच्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. आमच्या भागात संकटाच्या तयारीची शिबिरं भरवून पुन्हा भरलेली काडतुसं नवी म्हणून विकणाऱ्या एका माणसाने फसवलेल्यांत निम्मे आपलेच लोक होते, आणि तोच गडी आता दुसऱ्या नावाने तसलीच शिबिरं भरवतोय असं कानावर आलंय. नाव लिहीत नाही, तक्रार अजून मिटलेली नाही. पण त्याची पद्धत एवढी ठरलेली आहे की नावाशिवायही ओळखू येईल.

सप्टेंबर २०२० आठवतंय ना? लेबर डेच्या वाऱ्याने आगी भडकल्या, दक्षिणेकडे टॅलंट आणि फीनिक्समधल्या वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. पोर्टलंडजवळ मोलालापर्यंत ‘लेव्हल थ्री’, म्हणजे ‘आत्ताच्या आत्ता निघा’, असे इशारे आले. त्यात कोरोना. बंदुकीच्या दुकानांत काडतुसांची फळी रिकामी, आणि वर्षाच्या सुरुवातीला वीस सेंटच्या आसपास मिळणारं ९ एमएमचं काडतूस तिपटीच्या वर गेलेलं. अशा वेळी एका गोदामात शनिवारचं शिबिर: ‘पायी निघायची वेळ आली तर’.

पहिला तासभर तो माणूस जे बोलला ते सगळं खरं होतं, आणि त्याचं खरं कसब तेच. इथल्या किनाऱ्यालगतच्या कॅस्केडिया नावाच्या भूगर्भातल्या भेगेवर २६ जानेवारी १७०० रोजी महाभूकंप झाला होता, तो पुन्हा होणार. विलामेट नदीवरचे बरेचसे पूल जुने आहेत, ते टिकतील याची खात्री नाही. दोन आठवडे पुरेल एवढं अन्नपाणी घरात ठेवा असं सरकारच सांगतं. सगळे माना डोलवत होते. मग त्याने ‘सर्व्हायव्हल पॅकेज’ची छापील यादी वाटली.

यादीत दुर्बीण लावलेली एक .३०८ मापाची (मोठ्या काडतुसाची) रायफल, तिची ५०० काडतुसं, एक ९ एमएम पिस्तूल, त्याची २०० काडतुसं आणि एक मिलिटरी रंगाची सॅक. बंदुका ‘ओळखीच्या दुकानातून’ रीतसर फॉर्म भरून आणि पार्श्वभूमी तपासून घ्यायच्या, बाकी माल त्याच्याकडून. (त्या दुकानाकडून त्याला वाटा मिळत होता, हे नंतर कळलं.) किंमत प्रत्येक ओळीपुढे सेंटपर्यंत छापलेली. वजनाचा रकाना मात्र नव्हता. पायी जायच्या सामानाच्या यादीत!

तो रकाना आपणच भरू. .३०८चं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, म्हणजे ५०० झाली १२ किलो. दुर्बिणीसकट रायफल चार-साडेचार किलो. भरलेलं पिस्तूल किलोभर. ९ एमएमची २०० काडतुसं म्हणजे जवळजवळ अडीच किलो. पाण्याचा थेंब न घेता वीस किलो पाठीवर! आमच्यातल्या एका वहिनींनी विचारलंच, “हे घेऊन चालायचं कुणी?” त्यावर उत्तर आलं, “संकटात अंगात ताकद येते.” लोक हसले. याउलट .२२ या छोट्या मापाचं काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर असतं, २०० घेतली तरी पाऊण किलोच्या खाली. अमेरिकी हवाई दलाला १९५०च्या दशकात वैमानिकांसाठी अशीच हलकी बंदूक हवी होती, आणि त्याच घराण्यातली एआर-७ ही .२२ रायफल १९५९ साली नागरी बाजारात आली. भाग सुटे करून दस्त्यात मावते, वजन दीडएक किलो. ससा-खार मारायला पुरते. पण तिची काडतुसं स्वस्त, आणि या माणसाचा नफा काडतुसांतच होता. त्यामुळे .२२चं नाव निघालं की तो “खेळणं आहे ते” म्हणून उडवून लावायचा.

आता मालाकडे येतो. डबे एका नावाजलेल्या कंपनीचे, वर ‘फॅक्टरी न्यू’. दर बाजारापेक्षा किंचित कमी. फार कमी असता तर शंका आली असती. पैसे फक्त ‘झेल’ने (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) किंवा रोख. कार्ड चालत नाही, कारण म्हणे “बँका बंदूकवाल्यांना त्रास देतात”. पावती म्हणून एक मेसेज.

मग नेमबाजीच्या रेंजवर गेलो. मित्र ९ एमएम उडवत होता. चार-सहा फैरी नीट गेल्या आणि एकदम लवंगी भिजल्यासारखा फुस्स आवाज. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, हललीच नाही. तो हाताने ती मागे ओढून पुढचं काडतूस चढवणार, एवढ्यात तिथल्या पांढऱ्या केसांच्या रेंज ऑफिसरने ओरडून त्याला थांबवलं. पिस्तूल रिकामं करून, उघडून नळीत सळई घातली, तर मधेच अडली. गोळी नळीतच रुतली होती. याला स्क्विब म्हणतात: दारू कमी पडते किंवा नसतेच, नुसत्या प्रायमरच्या (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीपर्यंत सरकते आणि तिथेच बसते. तिच्यामागून पुढची गोळी सुटली असती तर नळी फुगली किंवा फुटली असती, आणि हात त्याच्याच मागे होते.

त्या रेंज ऑफिसरने उरलेला डबा काउंटरवर पालथा केला आणि एकेक काडतूस उलटं करून बूड दाखवलं. नव्या कारखानी डब्यात सगळ्यांच्या बुडावर एकच शिक्का असतो. इथे चार वेगवेगळ्या कंपन्यांचे. काहींवर ‘डब्ल्यूसीसी’, सालाचे दोन आकडे आणि वर्तुळातली फुली, म्हणजे नाटोच्या मापाची लष्करी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच). कडांवर आधी एकदा बंदुकीतून ओढून काढल्याचे ओरखडे. डब्याच्या झाकणाला गरम गोंदाची तार लोंबत होती. थोडक्यात, रेंजवर पडलेल्या पुंगळ्या गोळा करून, कुठेतरी गॅरेजमध्ये पुन्हा भरून, नव्या डब्यात घातलेल्या. स्वतःसाठी पुंगळ्या भरणं इथे कायदेशीर आहे, शौकीन लोक काळजीने करतात. विकायचा धंदा करायचा तर फेडरल उत्पादक परवाना लागतो. याच्याकडे तो नव्हता.

दुसरी गोष्ट मला याहून वाईट वाटते. आमच्यातला एक मुलगा एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर. त्याला या महाशयांनी सांगितलं, “बंदूक नको घेऊस, नुसती काडतुसं घे, त्याला कुणी काही विचारत नाही.” साफ खोटं. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूकच काय, काडतूस बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच वापरावेत. ग्रीन कार्डाची रांग राहिली बाजूला, देशात राहण्याचाच प्रश्न उभा राहतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही, म्हणून बरेच जण “त्याने घेतलं, मीही घेतो” म्हणतात. व्हिसाचा रकाना आपला आपण बघायचा.

आणि शिबिरात जे कुणीच बोललं नाही ते हे: रेड क्रॉसच्या निवाऱ्यात शस्त्र नेता येत नाही. आगीतून सुटून, रायफल पाठीवर घेऊन तिथे पोचलात तर आधी ती ठेवायची कुठे हा प्रश्न.

जाब विचारल्यावर आधी “तुम्ही पिस्तूल साफ ठेवत नाही”, मग “डबा तुम्हीच बदललात”, मग नंबर ब्लॉक. बँक म्हणाली, झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत येत नाहीत. कार्ड असतं तर निदान वाद घालता आला असता. ओरेगनमध्ये दहा हजार डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो, तो लावला. पण त्याने दिलेला पत्ता भाड्याची टपालपेटी निघाली आणि समन्स अजून त्याच्या हाती पडलेलं नाही. एफटीसी (ग्राहक-फसवणूक बघणारी फेडरल संस्था) आणि एफबीआयच्या आयसीथ्री या ऑनलाइन तक्रार केंद्राकडे तक्रारी दिल्या आहेत.

२०२०-२१ मध्ये त्या गोदामातून कुणी डबे घेतले असतील तर ती काडतुसं उडवू नका, स्वस्तात कुणाला देऊ नका, कचऱ्यातही टाकू नका. डबा, मेसेज आणि झेलची नोंद यांचे फोटो काढून ठेवा, मग शेरीफच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करून काडतुसं कुठे जमा करायची ते विचारा. माझा मित्र तसंच करून आला. फोटो आम्हालाही पाठवा, दाव्याला जोडता येतील. व्हिसावर असाल तर मात्र फोनच्याही आधी वकील गाठा.