दोन महिने सलग की दोन वर्षांच्या सुट्ट्या?

बीएस्सी करतानाच संशोधनाची चव घ्यायची तर दोन वाटा चांगल्या. एक, देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप: साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे, विद्यावेतनासह. दुसरी, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ (NIUS) हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम, २००४ पासून चालू. आधी शिबिर, मग निवड झाली तर एकच प्रकल्प सुट्ट्या-सुट्ट्यांत वर्ष-दोन वर्षं.

फेलोशिपमध्ये घर सुटतं, मोठी संस्था आतून दिसते, पीएचडीवाल्यांसोबत मेसमध्ये जेवताना जे कळतं ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. पण वेळ फार कमी. पहिले दोन आठवडे उपकरण ओळखण्यात जातात, मग नमुने बिघडतात, आणि कुठे हात बसतोय तोवर अहवाल लिहायची वेळ येते.

नियसमध्ये बिघडलेला प्रयोग पुढच्या सुट्टीत पुन्हा मांडता येतो. मधल्या काळात कॉलेजात बसून आकडे चाळता येतात. मार्गदर्शक तुम्हाला चुकताना आणि सावरताना पाहतो, म्हणून पुढे त्याच्या शिफारसपत्राला वजन येतं. दोन महिन्यांच्या ओळखीवर ‘मेहनती आणि वक्तशीर’ यापलीकडे कोण काय लिहिणार? तोटा एवढाच की सुट्टी म्हणून सुट्टी उरत नाही.

माझा कल नियसकडे. मात्र संशोधन आपल्याला झेपेल का हेच ठरत नसेल, तर आधी फेलोशिप. नाही आवडलं तर फक्त एक उन्हाळा गेला.