३६ पिंपं दारूची गोष्ट, तिकीट १५० रुपये

कोल्हापुरात राजारामपुरीत एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर इतिहासकथनाचे कार्यक्रम होतात. तिकीट १५० रुपये, चहा त्यातच. या खेपेला विषय होता १६०५ सालचा लंडनचा कट, राजासकट अख्खं पार्लमेंट उडवायचा. भाचीनं आग्रह केला म्हणून गेले आणि दोन तास जागची हलले नाही. माझं माहेर दारूकामाचं. आबा जत्रांना शोभेची दारू करून द्यायचे. सोरा, गंधक, कोळसा, या वासातच मी वाढले.

सांगणाऱ्या बाईंनी सुरुवात दंडापासून केली, हे फार आवडलं. प्रोटेस्टंट चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकांना महिन्याला २० पौंड दंड होता. १६०३ साली पहिला जेम्स गादीवर आला, तेव्हा आता तरी जाच सुटेल असं त्यांना वाटलं होतं. तो सुटला नाही. मे १६०४ मध्ये कटाचा म्होरक्या रॉबर्ट केट्सबी यानं चौघांना गोळा केलं, त्यांतला एक गाय फॉक्स. पुढं हे तेरा झाले. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहाच्या, खालचं तळघर भाड्यानं घेतलं, ३६ पिंपं बंदुकीची दारू रचली, वर जळण आणि कोळसा टाकून झाकली.

प्लेगमुळं पार्लमेंट पुढं ढकललं गेलं. दारू महिनोन्‌महिने तळघरात पडून सादळली आणि त्यांना नवी आणावी लागली. हे ऐकताना मला आबांचा पावसाळा आठवला. दारू सादळू नये म्हणून डबे माळ्यावर, आणि त्या खोलीत आम्हा पोरांना पाऊल टाकायची बंदी.

२६ ऑक्टोबरला त्याच सभागृहात बसणाऱ्या लॉर्ड मॉन्टीगलला निनावी पत्र आलं, पार्लमेंटला जाऊ नका म्हणून. ते राजापर्यंत पोचलं. चार-पाच नोव्हेंबरच्या मध्यरात्री फॉक्स सापडला, जॉन्सन असं नाव सांगत. जवळ तोडा होता, बत्ती द्यायचा.

आता तक्रार. होल्बीच हाउस, म्हणजे कटवाले शेवटी ज्या घरात लपले, तिथला प्रसंग बाईंनी दोन वाक्यांत उरकला. लंडनहून कट फसल्याची बातमी आली तेव्हा केट्सबी आणि उरलेले पळत सुटले. वाटेत पावसानं दारू भिजली, म्हणून त्यांनी ती या घरात शेकोटीपुढं वाळत घातली. ठिणगी पडली. त्यांच्यातल्या जॉन ग्रँटचे डोळे गेले, केट्सबी भाजला. दुसऱ्याच्या घराखाली दारू रचणारी ही माणसं, भडका उडाला तो त्यांच्याच तोंडावर. दुसऱ्या दिवशी शिपायांनी घर वेढलं आणि केट्सबी गोळी लागून मेला. आबांनीही एकदाच, जोतिबाच्या यात्रेची घाई होती म्हणून, भिजलेली दारू चुलीजवळ ठेवली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढं आयुष्यभर ते दारू उन्हातच, सुती धोतरावर पसरून वाळवायचे. म्हणून सांगते, इथं घाई नको होती. मध्यंतरात बाईंना बोलले, तर त्यांनी वही काढून लिहून घेतलं.

सगळ्यात चांगला भाग शेवटचा. पडद्यावर फॉक्सच्या दोन सह्या दाखवल्या, एक छळानंतर लगेचची आणि एक काही दिवसांनी केलेली. पहिलीत 'ग्विडो' (गाय नावाचंच परदेशी रूप) एवढंच, तेही पुसट, मोडकं. सभागृहात कुणाचा श्वास ऐकू येईना. मग बाईंनी सांगितलं की भोगलं मात्र कटात नसलेल्यांनी. १६०६ साली राजनिष्ठेच्या शपथेचा कायदा आला, आणि कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायला १८२९ उजाडावं लागलं. तेरा जणांना ना हुतात्मे केलं, ना राक्षस. असं सांगणं अवघड असतं आणि ते त्यांना जमलं.

माइक मागच्या रांगेला नीट पोचत नाही. जिना चढा आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्यांनी लवकर येऊन खालच्या पायरीवर दम घ्यावा आणि पुढची खुर्ची धरावी.