पाच तारांवरून चार तारांवर: नऊ महिने कव्हर बँडमध्ये पॅसिव्ह बास वाजवल्यानंतरचा अनुभव

हा चार तारांचा पॅसिव्ह (म्हणजे बॅटरीशिवायचा) बास गिटार घेऊन नऊ महिने झाले आणि या काळात चाळीसेक शो झाले असतील, बहुतेक तीन तासांचे, एका रात्रीत तीस-पस्तीस गाणी, सगळी कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले होते पण थांबले ते बरं झालं, कारण तेव्हा जे आवडलं होतं आणि जे खटकलं होतं त्यातलं निम्मं आता उलटं झालंय.

आधी माझ्याकडे पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह बास होता. दोन हंबकर (तारांचं कंपन पकडणाऱ्या पिकअपचा एक प्रकार), आत ९ व्होल्टची बॅटरी, बास-मिड-ट्रेबलचे म्हणजे खालच्या-मधल्या-वरच्या आवाजाचे वेगळे नॉब. घरी हेडफोन लावून वाजवला की फार सुंदर वाटायचा, खाली खोल, वर चकचकीत, आणि मिड मी थोडे कमी करून ठेवायचे कारण एकटं वाजवताना तसंच गोड लागतं. पण बँडमध्ये तोच आवाज हरवायचा. म्हणजे काहीतरी घुमतंय हे सगळ्यांना जाणवायचं पण नेमका कुठला सूर लागलाय ते कळायचं नाही. मी आवाज वाढवला की ड्रमर म्हणायचा घुमतंय, कमी केला की गायिका म्हणायची मला खालचा सूर मिळत नाहीये, आणि दोघांचंही बरोबर होतं. हे जवळजवळ दीड वर्ष चाललं आणि मी तेवढा वेळ दोष माझ्या बोटांना देत होते.

खरं कारण समजलं तेव्हा डोक्यात एकदम प्रकाश पडला. चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार ई, तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास, आणि पाचवी बी तार तर सुमारे ३१ हर्ट्झ. एका १२ इंची स्पीकरच्या छोट्या कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून, एवढं खालचं नीट बाहेरच पडत नाही. तरी आपल्याला तो सूर ऐकू येतो तो त्याच्या वर उमटणाऱ्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे उपस्वरांमुळे, कान त्यावरून मूळ स्वर जुळवून घेतो. तंबोऱ्याच्या खर्जातून कुणीही न छेडलेला गंधार जसा ऐकू येतो, ते हेच वरचे स्वर. आता हे वरचे स्वर कुठे असतात तर बरेचसे मिडमध्ये, आणि मी नेमके तेच कापून टाकत होते! उरलेलं जे खालचं होतं ते ड्रमरच्या किकशी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी) आणि कीबोर्डच्या डाव्या हाताशी भांडत होतं. घरी एकटीने ऐकताना छान वाटणारा आवाज आणि पाच जणांच्या मध्ये ऐकू येणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गिअर घेताना आपण जवळपास नेहमी पहिलाच ऐकून पैसे देतो.

म्हणून मग प्रिसिजन धाटणीचा बास घेतला. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन आणला, नाव तसं का तर फ्रेट्समुळे (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमुळे) सूर नेमका लागतो, उभ्या बासवर तो बोटाने शोधावा लागायचा. १९५७ मध्ये त्यात दोन तुकड्यांचं पिकअप आलं, दोन तारा एका तुकड्यावर आणि दोन दुसऱ्यावर, दोन्ही एकमेकांच्या उलट जोडलेले त्यामुळे गुंईऽऽ असा हम येत नाही. माझा बास दुसऱ्या कंपनीचा आहे पण रचना तीच, एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरी नाही. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण मला जे सांगायचंय ते या रचनेबद्दल आहे.

घरी पहिल्या दिवशी वाजवला तेव्हा खरं सांगते, निराशा झाली. आवाज जरा खरखरीत, नाकातून आल्यासारखा वाटला. मग पहिल्या शोला अँपवरचे सगळे नॉब मधोमध ठेवून वाजवला आणि पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत मला माझा प्रत्येक सूर ऐकू येत होता, आवाज आधीपेक्षा कमी असूनही. तो नाकातला भागच गिटार आणि किकच्या मधल्या रिकाम्या जागेत बसतो. गायिकेने खालचा सूर मागणं त्या दिवसापासून बंद झालं.

टोनच्या एका नॉबने काय होणार असं मलाही वाटायचं. पण कव्हर बँडला दर चार मिनिटांनी वेगळा बासिस्ट व्हावं लागतं आणि ते काम हा नॉब आणि उजवा हात मिळून करतात. जुनं संथ गाणं असेल तर टोन जवळजवळ बंद, बोटं नेकच्या बाजूला. डिस्को-फंक असेल तर टोन पूर्ण उघडा आणि बोटं ब्रिजजवळ, तिथे तार कडक लागते आणि सूर तुटक येतो. रॉक असेल तर पिक. साठ-सत्तरच्या दशकातली गाणी लागोपाठ असतील तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवते, सूर ठप्प होऊन लगेच विझतो आणि त्या काळाचा आवाज आपोआप येतो. जुन्या प्रिसिजनच्या ब्रिजवरच्या झाकणाखाली असा फोम असायचाच.

तारांवर थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यात मोठा फरक मला तिथे पडला. बासबरोबर राउंडवाउंड तारा (गोल तारेचं वेटोळं असलेल्या, खरखरीत) आल्या होत्या, ०४५ ते १०५ चा नेहमीचा सेट. नव्या असताना झणझणीत, पण माझ्या हातांना घाम खूप येतो, पाच-सहा शोमध्ये त्या मेल्या. दुसरा सेट घातला, तेच. तिसऱ्या महिन्यात फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं वेटोळं असलेल्या, गुळगुळीत) घातल्या आणि तेव्हापासून आजपर्यंत हात लावलेला नाही. पहिले दोन आठवडे ताण जास्त वाटला, बोटं दुखली, नंतर सवय झाली. बोट सरकवल्यावर येणारी किरकिर गेली, आवाज गोल झाला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो प्रत्येक शोला तसाच राहतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड तारा वाजवायचे आणि तुटल्याशिवाय बदलायचे नाहीत हे वाचलेलं होतं, ते का हे आता कळतंय. एकच आहे, स्लॅपची (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवायची) गाणी फ्लॅटवर मनासारखी होत नाहीत. आमच्या सेटलिस्टमध्ये तशी दोनच आहेत म्हणून चालतं, तुमच्याकडे दहा असतील तर हा सल्ला घेऊ नका.

आता तक्रारी. जी तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटच्या आसपास एक मेलेली जागा आहे, तिथे सूर लागतो पण लवकर विझतो. या रचनेच्या बऱ्याच बासवर ती असते म्हणे, माझ्यावर सहाव्या फ्रेटला स्पष्ट आहे. लांब धरायचा सूर असेल तर मी तोच डी तारेवर अकराव्या फ्रेटला घेते. दुसरं, नेक रुंद आहे. नटजवळ (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) सुमारे ४२ मिलिमीटर, जाझ बासचा ३८ च्या आसपास असतो आणि माझा हात लहान आहे. पहिल्या महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं, मग स्ट्रॅप चार बोटं आखूड केला, नेक वर आला, मनगट सरळ झालं आणि दुखणं थांबलं. ज्यांचा हात लहान आहे त्यांनी जाझ बासचा नेक किंवा ३० इंची शॉर्ट स्केल हातात धरून बघितल्याशिवाय हा घेऊच नये, तारेची ही ३४ इंच लांबी सगळ्यांसाठी नसते. तिसरं, केबल लावायच्या जॅकचा नट (हा साधा धातूचा नट) सैल होत राहिला आणि पाचव्या महिन्यात आतली वायर तुटली, नशिबाने रिहर्सलमध्ये. आता दर महिन्याला पान्याने घट्ट करते. आणि हवा कोरडी झाली की नेक सरकतो, ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेकचा बाक सांभाळणारी सळई) पाव फेरा फिरवावा लागतो, पावपेक्षा जास्त एका वेळी कधीच नाही.

पाचवी तार नसल्याचं काय, हे सगळे विचारतात. कव्हर बँडमध्ये ती गायकांमुळे लागते. मूळ गाणं पांढरी तीनमध्ये, म्हणजे ईमध्ये, आणि आमच्या गायिकेला ते पांढरी दोनमध्ये हवं असतं. माझी मोकळी तार ई, तिच्याखाली डी नाही. काही गाण्यांत मी तो सूर एक सप्तक वर घेते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ज्या गाण्याचा सगळा जोर खालच्या सुरावर आहे तिथे ते पोकळ वाटतं, म्हणून ई तारेला ड्रॉप डीची खुंटी लावून घेतली. एक खटका ओढला की तार डीवर, परत ढकलला की ईवर. फक्त खाली गेल्यावर त्या तारेवरचे सगळे सूर दोन फ्रेट पुढे सरकतात, ते हातात बसायला मला महिना लागला. यावरही भागत नाही अशी गाणी आमच्या एकूण पंचेचाळीसमध्ये तीन निघाली आणि त्या तिघांसाठी पाच किलोचा बास तीन तास खांद्यावर घ्यायचा नाही हे मी ठरवून टाकलं. हा चार किलोच्या थोडा वर आहे, स्ट्रॅप मात्र रुंद हवाच.

अँपचं थोडक्यात. क्लास डी हेड (स्पीकर नसलेला, वजनाने हलका अँप) आहे, ५०० वॉट, पण ते ५०० चार ओहमला, माझ्या एका आठ ओहमच्या कॅबिनेटवर त्यातले सगळे मिळत नाहीत. मोठ्या जागेसाठी दुसरं तसंच कॅबिनेट जोडते, आठ आणि आठ मिळून चार ओहम होतात आणि तिथे थांबायचं, तिसरं जोडलं तर लोड हेडच्या मर्यादेखाली जातो. वॉट बघून अँप निवडणाऱ्यांना एवढंच सांगेन की वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० लागतात. दुसरं कॅबिनेट वॉटपेक्षा जास्त कामाला येतं. आणि ते एकावर एक उभं रचायचं, म्हणजे वरचा स्पीकर कानाजवळ येतो. एकच असेल तर खुर्चीवर ठेवा, जमिनीवर ठेवलं तर तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतं आणि पोकळ लाकडी स्टेज असेल तर अख्खं स्टेज घुमतं. या घुमण्यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे हाय-पास फिल्टरचं छोटं पेडल, ४० हर्ट्झच्या खालचं कापून टाकते आणि काही कमी झाल्यासारखं वाटतच नाही, उलट सूर स्वच्छ होतो. माझ्या पेडलबोर्डवर ट्यूनर, कंप्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारं), हे आणि डीआय (बासचा आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला देणारी डबी), बस.

डीआय स्वतःचा ठेवा, हे कळकळीने सांगतेय. मोठ्या जागी लोकांपर्यंत आवाज साउंडवाल्याच्या लाइनमधून जातो, तुमच्या कॅबिनेटमधून नाही. एका शोला दुसऱ्या सेटच्या मध्यात हेड बंद पडलं. स्टेजवर मला काहीच ऐकू येईना पण डीआय अँपच्या आधी असल्यामुळे समोर बास चालूच राहिला, मॉनिटरमध्ये थोडा बास मागून घेतला आणि शो पूर्ण झाला. त्याच्या आदल्या वर्षी जुन्या अ‍ॅक्टिव्ह बासची बॅटरी भर गाण्यात संपली होती, आवाज आधी फाटला मग बसत गेला. दुपारी साउंडचेकनंतर केबल बासमध्येच लावलेली राहिली होती, आणि अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये केबल लावलेली असेल तोपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. त्या रात्री लोक नाचायचे थांबले होते, ते मी अजून विसरलेले नाही.

एक गोष्ट गिअरच्या यादीत कुणी धरत नाही, कानातले इअरप्लग. माझी जागा ड्रमरच्या हाय-हॅटशेजारी असते. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला पंधराच मिनिटं. आम्ही तीन तास वाजवतो. संगीतासाठीचे प्लग घ्या, ते सगळं सारखं कमी करतात, फोमचे घातले तर वरचं सगळं जातं आणि सूर चाचपडत वाजवावा लागतो.

जुना पाच तारांचा विकलेला नाही. रेकॉर्डिंगला अजून तोच नेते, कारण तिथे मला जागा असते आणि त्याचा तो खोल आवाज तिथे शोभतो. पुढच्या महिन्यात नवीन गायक येतोय, त्याच्या पट्ट्या अजून कळलेल्या नाहीत. त्या कळल्या की त्या तीन गाण्यांचं काय करायचं ते बघू.