२७ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्याला झेपणारी औजारं: ११ महिने, ४३० तासांनंतर

निफाड तालुक्यात साडेचार एकर. दोन एकर द्राक्ष, बाकी सोयाबीन आणि कांदा. गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला २७ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर घेतला. (सप्टेंबरात जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. घाई आम्हालाच होती, बोलून उपयोग नाही.) ट्रॅक्टरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातले सगळे थोड्याफार फरकाने सारखेच आहेत आणि माझी तक्रार ट्रॅक्टरबद्दल नाहीच. पैसे गेले ते औजारं चुकीची घेतल्याने.

४३० पैकी निम्मे तास तर बागेत ब्लोअरचे, म्हणजे औषध फवारणीचे. तिथे काही बोलायला जागा नाही, ९ फुटी ओळीत आरामात वळतो. खरी परीक्षा मशागतीत झाली.

पहिली चूक रोटाव्हेटरची, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या रोटरची. दुकानदार म्हणाला, "पाच फुटी घ्या, २७ एचपीला चालून जाईल, पुढे मोठा ट्रॅक्टर घेतला तरी कामाला येईल." आम्हीही भुललो. कागद नीट वाचला असता तर कळलं असतं की २७ हा इंजिनचा आकडा. पीटीओला, म्हणजे औजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, मिळतात जेमतेम २२. रोटर पीटीओवर फिरतो, त्याला इंजिनच्या आकड्याशी घेणंदेणं नाही. त्यात २०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला. वाफसा (मशागतीपुरती ओल) धड मिळालाच नाही, जमीन चिकट. पाच फुटी रोटर चार इंच खाली घातला की इंजिन गळायचं, आरपीएम पडायचे, मग लिफ्ट वर घ्या, परत खाली सोडा. शेवटी दोन इंचांवर नुसतं वरवर खरवडणं चालू. तिसऱ्या दिवशी पीटीओ शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस तुटला. वडील बांधावरून बघत होते. "बैल दमला की उभा राहतो, हे लोखंड तुला सांगणार नाही," एवढंच बोलून घरी गेले.

श्रावणात तो बदलून चार फुटी घेतला. बदलीत १४ हजार बुडाले. आता पहिल्या लो गिअरला, पीटीओ ५४० आरपीएमवर ठेवून, चार-साडेचार इंच खोल एकसारखं काम होतं. एकराला पावणेदोन तास, डिझेल साधारण साडेपाच लिटर. साडेतीन फुटी घ्यावा का, असं एकाने विचारलं होतं. माझ्या मते नको. ट्रॅक्टरची चाकं बाहेरून बाहेर ४४ इंच भरतात. ४२ इंची रोटर चाकाची कड तशीच दाबलेली सोडतो, ४८ इंची ती मोडत जातो. म्हणजे औजार कमीत कमी चाकं झाकेल एवढं रुंद हवं आणि जास्तीत जास्त पीटीओला पेलेल एवढं. माझ्या ट्रॅक्टरला या दोन्हीच्या मध्ये चार फूटच बसतात.

दुसरं प्रकरण मोगड्याचं, म्हणजे फणांनी माती उकरणाऱ्या कल्टिव्हेटरचं. चुलत भावाचा नऊ फणी स्प्रिंगचा मोगडा होता, तोच जोडला. त्याचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास, आमची लिफ्ट ७५० किलोची. हिशोबाने काहीच अडचण नाही. पण बांधावर चढताना पुढची चाकं उचलली आणि स्टिअरिंग हातात नुसतंच फिरलं. लिफ्टचा आकडा औजार जोडायच्या खालच्या दोन दांड्यांच्या (लिंकच्या) टोकाला मोजलेला असतो, आणि मोगड्याचं वजन त्याच्या बरंच मागे लटकतं. शिवाय लिफ्टने उचललं म्हणजे पुढचं टोक जमिनीवर राहील असं नाही. तेव्हापासून पुढे २० किलोची चार वजनं कायम लावलेली आहेत. भावाच्या मोगड्याचे चार फण काढून पाच ठेवले. कांद्याच्या रानात झकास चालला, बागेत मात्र त्याची साडेसहा फुटी चौकट वेलींच्या मांडवाच्या लोखंडी अँगलला घासायला लागली. शेवटी पाच फणीच घेतला. तासाला एकर होतो, इंजिनला घामही येत नाही.

आता नांगर. इथे मी सगळ्यात जास्त डोकं लावलं आणि सगळ्यात उशिरा शहाणा झालो. एका फाळाचा पलटी नांगर आणला होता. फाळाची रुंदी ३० सेंटिमीटर, खोली २० धरली, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर माती एका वेळी कापायची. आमच्या काळ्या रानात चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो ओढ धरली तरी साडेचारशे किलो होते. तासाला साडेतीन किलोमीटर चालीने हे काम फक्त सहा एचपीचं! तरी ट्रॅक्टर नांगराच्या चरात बसून चाकं जागेवर फिरवत होता. इंजिनचा आवाजसुद्धा बदलत नव्हता. म्हणजे ताकद होती, पकड नव्हती. ट्रॅक्टरचं वजन ९०० किलो आणि मोकळ्या रानात टायर वजनाच्या निम्म्याच्या आसपासच ओढतो. म्हणजे साडेचारशेच. जरा कडक पट्टा किंवा हरळीचं जाळं आलं की संपलं. २७ च्या जागी ३५ एचपीचं इंजिन याच वजनाच्या ट्रॅक्टरवर बसवलं असतं तरी चाकं घसरलीच असती.

मागच्या टायरांत पाणी भरलं, दोन्हीत मिळून शंभर लिटर. फरक लगेच जाणवला, सहा इंचांपर्यंत नांगरट व्हायला लागली. पण हेच वजन बागेत नकोसं होतं. दोन बोदांच्या (वेलींच्या उंच वाफ्यांच्या) मधली माती दाबली जाते, आणि अन्नपाणी घेणारी पांढरी मुळी तर वरच्या थरातच खेळते. त्यात रोटर वर्षभर एकाच खोलीला फिरला की पाच इंचांखाली घट्ट थर बसतो तो वेगळाच. मी दोन ठिकाणी पहार मारून बघितलं, खण्णकन वाजली. म्हणून उन्हाळी खोल नांगरट आता भाड्याच्या ५० एचपीच्या दोन फाळी पलटीनेच करून घेतो. वर्षातून एकदा काम असतं. त्यासाठी माझा नांगर ३६४ दिवस लिंबाखाली गंजत ठेवण्यात अर्थ नाही. विकायला काढला आहे.

सऱ्या पाडायचा सरी रेझर एकच फाळी घेतला, चांगला चालतो. टॉपलिंक (औजाराची वरची दांडी) दोन आटे आखडली की पोटात घुसतो, सैल केली की वर तरंगतो. तेवढं पहिल्या सरीला उतरून बघावं लागतं.

द्राक्षं गेल्या आठवड्यात उतरली. खरड छाटणीआधी बागेत शेणखत मिसळायचं आहे, त्यामुळे उद्या सकाळी टायरमधलं पाणी काढतोय. व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवून जॅक लावायचा, मागच्या वेळी हे विसरलो होतो आणि अर्धं पाणी आतच राहिलं होतं.