७० सीसीची चेनसॉ : एका हंगामाच्या वापरानंतर, मुख्यतः तेलाविषयी

मोठ्या चेनसॉबद्दल विचारणारा प्रत्येक जण आधी पेट्रोलचा खर्च विचारतो. चेनऑईलचा, म्हणजे फिरत्या चेनला वंगण देणाऱ्या तेलाचा, खर्च कोणीही विचारत नाही आणि विक्रेताही तो आपण होऊन सांगत नाही. मागच्या दिवाळीनंतर मी ७० सीसी वर्गातली व्यावसायिक चेनसॉ घेतली, तिला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही दाखवून झाले, आणि सर्व्हिस सेंटरशी सुरू असलेला वाद अजून मिटलेला नसल्यामुळे हा अनुभव आताच लिहून टाकतो.

आमची जमीन दक्षिण सोलापुरात आहे. बांधावर गावठी बाभूळ, ओढ्याकाठी वेडी बाभूळ, विहिरीजवळ जुने कडुनिंब, असे लाकूड आहे. शिवाय शेजारपाजारच्या शेतांतले तोडीचे काम मिळते आणि माल वखारीत जातो. आधीची ५० सीसीची करवत फांद्यांना उत्तम होती, परंतु दीड-दोन फूट जाडीच्या बाभळीच्या गाभ्यात शिरली की तिचा दम तुटत असे आणि गडी जोर लावून दाबत असे, जे चेनसॉच्या बाबतीत सर्वांत वाईट. नव्या यंत्राची ताकद चार किलोवॅटच्या आसपास आहे. इंजिनाच्या तोंडाशी असलेले लोखंडी दाते बुंध्यात रोवायचे, मागची मूठ हळूहळू उचलायची, की ती स्वतःच्या वजनाने उतरत जाते. ताकदीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि विक्रेत्याने सांगितलेले सर्व त्याबाबतीत खरे निघाले.

तक्रार तेलाची आहे. रात्री पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या करवतीखाली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळहाताएवढा तेलाचा डाग पडलेला असे, आणि काम करताना पेट्रोलची टाकी संपण्याआधीच तेलाची टाकी तळाला जात असे. वास्तविक या यंत्रांची रचना अशी असते की पेट्रोल आधी संपावे आणि तेल थोडे उरावे, म्हणजे चेन कोरडी फिरत नाही. शहरातल्या सर्व्हिस सेंटरने पाहताक्षणी पंप खराब असल्याचे निदान केले, तो भाग वॉरंटीत येत नाही असे सांगितले, नवा पंप बसवला आणि मजुरीसह बिल हातात दिले. डाग जसा पडत होता तसाच पडत राहिला.

खरे कारण एका खासगी मेकॅनिकने, पैसे न घेता, उभ्या उभ्या सांगितले. माझ्या मॉडेलमध्ये तेलाचा पंप क्लचच्या ड्रमवर चालतो. चेन थांबली की पंपही थांबतो. त्यामुळे उभ्या करवतीतून गळणाऱ्या तेलाचा दोष पंपावर जातच नाही. शेडचा पत्रा तापला की तेलाच्या टाकीतली हवा फुगते, तेल पातळ होते आणि ती हवा त्याला बाहेर ढकलते. काम संपल्यावर टाकीचे झाकण एकदा सैल करून पुन्हा घट्ट केले आणि करवत शेडमधून ओट्यावरच्या सावलीत आणली, तेव्हापासून डाग रुपयाच्या नाण्याएवढा पडतो. तोही भुशात मुरलेल्या तेलाचा असतो आणि तो कोणत्याही चेनसॉचा असतोच.

कामातल्या तेलाचे कारण वेगळे निघाले. करवतीच्या खालच्या बाजूला, क्लचजवळ, तेलाचे प्रमाण कमीजास्त करणारा स्क्रू असतो; तो लांब बारसाठी (बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी) असावा तसा पूर्ण उघडा होता आणि माझा बार मात्र २० इंचांचा. तपासण्याची रीत सोपी आहे : सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा कागद जमिनीवर अंथरायचा, बारचे टोक त्यावर वीतभर उंच धरायचे आणि थोडा वेळ रेस द्यायची. कागदावर बारीक, सलग रेघ उमटली तर प्रमाण योग्य. माझ्या कागदावर रेघ नव्हती, फोडणी उडाल्यासारखे थेंब होते. स्क्रू कमी केल्यावर तेलाची बचत डोळ्यांना दिसू लागली आणि हिवाळाभर मी या यंत्राची सर्वांजवळ स्तुती केली.

मे महिन्यात ते मत थोडे बदलावे लागले. पारा ४२ च्या वर, लाकूड वाळलेली बाभूळ, आणि बारच्या कडेला निळसर झाक दिसू लागली, म्हणजे घर्षणाने लोखंड तापत होते. स्क्रू पुन्हा थोडा उघडला. त्यातही अर्धा दोष तेलाचा नव्हता : आपल्याकडच्या बाभळीच्या सालीत इतकी धूळ बसलेली असते की चेनची धार लवकर जाते, आणि बोथट चेन कितीही तेल पाजले तरी तापतेच. कापताना जाड कीस पडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की तेलाला दोष न देता गोल कानस हातात घ्यावी.

स्वस्त पर्यायांचा विचार मीही केला, कारण डब्यातले चेनऑईल परवडत नाही हे खरे आहे. ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑईल बरेच जण घालतात. त्यात धातूचे बारीक कण असतात, ते पंप आणि बार दोन्ही खातात, आणि ते सगळे तेल अखेर आपल्याच शेतात उडते. एका नातेवाइकांनी घाण्याचे करडईचे तेल सुचवले. करडईचे तेल हवेत वाळते, म्हणूनच ते रंग-वार्निशातही वापरले जाते. करवत काही दिवस पडून राहिली की चेनच्या सांध्यांत आणि पंपात त्याचा चिकट थर बसणार. शिवाय ते आमटीत जास्त शोभते.

इतर दोष थोडक्यात. बार, चेन आणि भरलेल्या टाक्यांसह वजन नऊ किलोंच्या घरात जाते, त्यामुळे फांद्या छाटण्यासाठी हे यंत्र निरुपयोगी आहे आणि जुनी करवत मी विकलेली नाही. उन्हाळ्यात गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी सुरू करायला गेले की दोरी ओढून खांदा दुखतो. तेव्हा चोक न देता, डिकॉम्प्रेशनचे बटण (इंजिनातला दाब कमी करून दोरी हलकी करणारे) दाबून, थोडी रेस धरून ओढावे. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ओलावा लवकर धरतो, म्हणून पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवावी. पेट्रोलच्या लिटरला २० मिली टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल) हे प्रमाण मापानेच घालावे, अंदाजाने नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत तोंडाच्या दिशेने उसळते, आणि या ताकदीच्या यंत्राची उसळी हाताने आवरत नाही. अशा वेळी चेन तत्काळ थांबवणारा चेनब्रेक रोज तपासावा.

ज्यांचे लाकूड एक फुटाच्या आतले आहे त्यांनी हे यंत्र घेऊ नये. ज्यांच्याकडे जुन्या चिंचा किंवा मोठ्या बाभळी आहेत त्यांनी जरूर घ्यावे. मात्र चिंच १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्यातील अनुसूचित झाडांत येते, म्हणून परवानगी आधी आणि करवत नंतर. दुकानातच कागदावर तेलाची रेघ काढून दाखवायला सांगावे. विक्रेत्याला ती काढता आली नाही तर दुसरे दुकान पाहावे.

बदललेला जुना पंप मी सर्व्हिस सेंटरकडून मागून घेतला, आणि त्या मेकॅनिकने तो बसवून पाहिला तेव्हा तो व्यवस्थित चालला. मजुरीची रक्कम पुढच्या सर्व्हिसमध्ये वळती करू, असे सेंटरवाले आता तोंडी म्हणतात. मी ते लेखी मागितले आहे आणि नव्या पंपाची किंमतही त्यात धरावी असे कळवले आहे.