एमजीबीच्या नव्या सिलांचे पैसे घेतले, आत जुना गंज तसाच

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) दुरुस्तीला देणार असेल, तर आधी हे वाचा. आमच्या १९७१च्या रोडस्टरची दोन्ही सिलं बदलली म्हणून एका वर्कशॉपने साडेचार हजार पौंड घेतले. प्रत्यक्षात एकही बदललं नव्हतं.

सिल म्हणजे दाराखालचा लांब पट्टा. तिच्या आधीच्या एमजीए या मॉडेलला वेगळी चॅसिस होती. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यात सुरू झालेल्या एमजीबीला ती नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात रोडस्टरला वर पक्कं छप्पर नाही, म्हणून गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचा मोठा भार सिलांवरच येतो. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल नावाची घडीव पट्टी असं ते बंद खोकं असतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर आत गेलं की खोकं आतून कुजत जातं आणि बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो.

वर्कशॉपचा मालक बोलायला अतिशय गोड. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर फोटो यायचे: कापलेला पत्रा, वेल्डिंगच्या ठिणग्या, काळ्या प्रायमरमधले नवे भाग. गाडी परत आली तेव्हा खालून अंडरसीलचा जाड काळा थर मारलेला होता. गंजापासून संरक्षण म्हणून तो फुकट दिला, असं त्याने सांगितलं. तो थर कशासाठी होता हे नंतर कळलं.

काही महिन्यांनी चाक काढायला गाडी जॅकवर घेतली, तर दाराची फट बदलली आणि दार लागेना. सिल मजबूत असतं तर असं झालं नसतं. दुसऱ्या एका वयस्कर वेल्डरकडे गाडी नेली. त्याने अंडरसील खरवडला, बाहेरच्या पत्र्याला हातभर खिडकी पाडली आणि मला आत टॉर्च मारून बघायला सांगितलं. नवा पत्रा जुन्या सिलावर नुसता चढवलेला, खालच्या कडेला चार टाके मारलेले, सांध्यांत पुट्टी. आतलं जुनं सिल हाताने तुटत होतं. या गाडीत माझी मुलगी शेजारी बसून मोटरवेवर आली होती, हे आठवून आजही माझा संताप होतो.

मग ते फोटो मी एकेक करून मोठे करून पाहिले. एका फोटोत दारामागचा खांब खिडकीच्या वर, छपरापर्यंत गेलेला दिसतो. रोडस्टरला असा खांबच नसतो. ती कुणाची तरी जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी होती!

म्हणून सांगते, प्रत्येक फोटोत नंबर प्लेट किंवा चॅसिस नंबरची (गाडीच्या ओळख क्रमांकाची) पट्टी दिसलीच पाहिजे, असं आधीच लिहून घ्या. दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड केलेला फोटो मागा. तो आधार दिल्याशिवाय रोडस्टरचं सिल कापलं तर बॉडी खाली वाकते, त्यामुळे खरं काम करणारा तो आधार लावतोच. नव्या भागांचं दुकानाचं बिल मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरचा पत्रा बसण्याआधी स्वतः जाऊन आतलं काम बघा. ‘इन्शुरन्समुळे ग्राहकाला आत सोडत नाही’ असं सांगणाऱ्याकडून गाडी उचलून आणा. आम्हालाही हेच सांगितलं गेलं होतं.

एमओटीने, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीने, हे पकडलं असतं का? कदाचित. पण २०१८पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना ती सक्तीची नाही. स्वतःहून मात्र करून घेता येते, आणि काम झाल्यावर अंडरसील मारण्याआधी ती जरूर करून घ्या.

पैशांबद्दल. उरलेली रक्कम त्या वर्कशॉपच्या मालकाने बँक ट्रान्सफरने मागितली, पण सुरुवातीचे दोनशे पौंड मी क्रेडिट कार्डाने भरले होते. १९७४च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ इथे कामाला आलं. व्यवहार शंभर पौंडांच्या वर आणि तीस हजारांपर्यंत असेल, तर थोडी रक्कम जरी कार्डाने दिलेली असली तरी कार्ड कंपनीवर पूर्ण व्यवहाराची जबाबदारी येते. दुसऱ्या वेल्डरचा लेखी अहवाल, खिडकीतून काढलेले फोटो आणि तो जीटीचा फोटो जोडून मी दावा केला. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर पैसे परत मिळाले. कार्ड वापरलं नसेल तर इंग्लंड-वेल्समध्ये दहा हजार पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्सचा (छोट्या रकमांच्या कोर्टातल्या दाव्याचा) मार्ग आहे, पण तिथेही स्वतंत्र अहवाल लागेलच. त्यामुळे पुरावा गोळा होईपर्यंत खराब काम उखडू देऊ नका.

आता डाव्या बाजूचं सिल खरोखर नवं झालंय, उजवं उघडं आहे. लेस्टर-बर्मिंगहॅम भागात कुणी एमजीबी घेत असेल किंवा दुरुस्तीला देत असेल, तर पैसे भरण्याआधी मला कळवा. मी टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन सोबत येईन, आणि आमचं उघडं सिलही दाखवीन.