संध्याकाळचे दोन तास: छंदवर्ग की खो-खोचं मैदान?

लेक तिसरीत गेली तेव्हा आमच्यापुढे हा प्रश्न आला. शाळा सुटल्यापासून आम्ही दोघं कामावरून घरी येईपर्यंत तिने करायचं काय? पुण्याच्या आमच्या उपनगरात चालत जाण्याच्या अंतरावर दोनच गोष्टी होत्या. एक छंदवर्ग, आणि दुसरा शाळेच्या पटांगणावर चालणारा एका क्रीडा मंडळाचा खो-खोचा सराव. सारसबागेजवळचं गरवारे बालभवन मनात होतं. शोभा भागवतांनी अनेक वर्षं जपलेली ती जागा मुलांना खरोखर मोकळं सोडते, पण रोजचं ने-आण आम्हाला जमलं नसतं. जवळ राहणाऱ्यांनी आधी तिथेच चौकशी करावी.

आम्ही आधी वर्षभर छंदवर्ग केला. तिथे शिकवतात चांगलं, हे मनापासून सांगतो. ॲबॅकसने तिची आकडेमोड सुधारली आणि चित्रकलेच्या बाईंनी हात छान वळवला. मूल मुळातच चित्रात रमणारं असेल, पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट द्यायच्या असतील किंवा नाच-गाण्यात गांधर्वच्या परीक्षांचा विचार असेल, तर वर्गाला पर्याय नाही. ते काम मैदान करू शकत नाही. शिवाय वर्ग पावसात बंद पडत नाही, स्वच्छतागृह असतं आणि वेळ ठरलेली असते.

मला तिथे एकच गोष्ट खटकत राहिली, ती म्हणजे बॅच. एक लेव्हल संपली की बॅच बदलायची. आज सोम-बुध पाच वाजता, तीन महिन्यांनी मंगळ-शुक्र सहा वाजता, आणि आजूबाजूला पुन्हा नवी मुलं. वर्षभरात तिच्या चार बॅच झाल्या. एकदा तिला ताप होता म्हणून वर्गातल्या कुणाकडून तरी गृहपाठ विचारून घे म्हटलं, तर तिला एकाही मुलीचं घर सांगता येईना. दोघींची नावं माहीत होती, तीही अर्धीच. बाईंना मी विचारलं, तर लेव्हलप्रमाणे बसवावंच लागतं, म्हणाल्या. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. पण वर्षभर एका खोलीत जाऊनही लेकीला मैत्रीण मिळाली नाही, हे मला पटेना.

मैदानावर याच्या अगदी उलट. तिथे बॅचच नाही. आठ वर्षांची आणि सोळा वर्षांची एकाच रांगेत बसतात. खो-खोची रचनाच तशी आहे. आठ जणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. पळणारी पलीकडे गेली की बसलेलीला खो द्यावाच लागतो. त्यामुळे नवख्या मुलीकडेही पहिल्या आठवड्यापासून काहीतरी काम असतं. कधी उठायचं, कुठल्या बाजूला सुटायचं, हे तिला सर कमी आणि शेजारची ताई जास्त शिकवते. आमच्या लेकीला खांबाला वळसा घालायला शिकवलं ते नववीतल्या एका मुलीने. तिची आई आमच्याच इमारतीत चार घरी काम करते. तोवर जिन्यात आमची फक्त मान हलायची. आता त्या माउली थांबून बोलतात, आणि मला यायला उशीर झाला तर लेक त्यांच्याकडे जाऊन जेवते.

मैदानाच्या अडचणीही सांगतो. जूनपासून गणपतीपर्यंत सराव निम्मा बुडतो. गुडघे सतत फुटलेले असतात. मुलींना कपडे बदलायला धड जागा नाही, आणि यासाठी पालकांनी मंडळाच्या मागे लागायलाच हवं. सरांचा आवाज चढतो. हळव्या मुलाला ते जड जाऊ शकतं. फी आम्हाला वर्गात तीन महिन्यांना साडेचार हजार पडत होती, इथे महिन्याला दोनशे. पण निव्वळ पैशासाठी मैदान निवडू नका. मूल रमत नसेल तर दोनशेही वायाच.

खेळात पुढे काय, असं आजी-आजोबा विचारतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या रात्री आमच्या मैदानावर पेढे वाटले गेले. आमची लेक तिथवर जाईल असं मी म्हणत नाही, आणि त्यासाठी तिला घातलंही नव्हतं.

माझा अनुभव एका मुलीचा आणि एका मैदानाचा आहे. तुमच्याकडे चित्र वेगळं असू शकतं. पण अजून ठरत नसेल तर दोन्हीकडे सराव सुटायच्या वेळेला जाऊन उभे राहा. मुलं एकेकटी गाड्यांवर बसून जातात की घोळक्याने निघतात, ते बघा. आमच्याकडे साडेसातला मोठ्या मुली धाकट्यांना मधे घेऊन निघतात आणि एकेकीला तिच्या फाटकाशी सोडत जातात. आमचं घर तिसरं लागतं.